डिजिटल ठेव्याचे व्यवस्थापन : बर्लिन, पुणे आणि सीमाभाग

बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम, बेलगाँव. रोमन लिपीत जुने आणि नवे अशी दोन स्पेलिंगे, कन्नडमध्ये आणखी एक रूप. माणूस ही सर्व नावे वाचतो आणि एकच शहर समजतो. संगणकाला मात्र प्रत्येक रूप म्हणजे वेगळे गाव. १९२४च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्याचे एखादे छायाचित्र जुन्या इंग्रजी स्पेलिंगने नोंदले गेले असेल आणि शोधणारा १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृत झालेल्या स्पेलिंगने शोधत असेल, तर छायाचित्र संगणकात असूनही त्याच्या हाती लागत नाही. असून नसल्यासारख्या झालेल्या अशा फायली सापडण्याजोग्या, वापरण्याजोग्या आणि टिकाऊ करणे हा आज एका स्वतंत्र सॉफ्टवेअर उद्योगाचा व्यवसाय आहे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव ‘डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट’. मराठीत त्याला ‘डिजिटल ठेव्याचे व्यवस्थापन’ म्हणणे सोयीचे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०२२च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ते’वर ३० टक्के कर बसविल्यापासून ‘डिजिटल ॲसेट’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर बिटकॉइन येते. प्रस्तुत विषयाचा त्याच्याशी संबंध नाही. येथे ‘ॲसेट’ म्हणजे छायाचित्र, ध्वनिमुद्रण, चित्रफीत, नकाशा, अभियांत्रिकी आराखडा, वृत्तपत्राचे पान किंवा स्कॅन केलेला दस्तऐवज, आणि त्याच्यासोबत असलेली त्याची माहिती. ही माहिती नसेल तर फाईल ही मालमत्ता ठरत नाही, ती केवळ हार्ड डिस्कवरची जागा अडवते. ज्या कार्यालयात ‘फायनल’, ‘फायनल नवे’ आणि ‘फायनल नवे दोन’ अशा नावांच्या तीन फायली एकाच फोल्डरमध्ये आहेत, तेथे हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ठसे बनविणाऱ्यांपासून सॉफ्टवेअरपर्यंत

या उद्योगाचा उगम छपाईच्या धंद्यात आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मॅकिन्टॉश संगणकावर पाने लावण्याची पद्धत रुजली आणि जाहिरात संस्था, मासिके व छापखाने यांच्याकडे स्कॅन केलेल्या चित्रांचा ढीग साचू लागला. बर्लिन येथे १९९० साली स्थापन झालेल्या ‘कँटो’ या कंपनीने १९९२मध्ये ‘क्युम्युलस’ नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याची कल्पना ग्रंथालयाच्या कार्डसूचीइतकी साधी होती. चित्र जेथे आहे तेथेच राहील; सूचीत त्याची छोटी प्रतिमा, वर्णन आणि ठिकाण यांची नोंद राहील. शोध सूचीत घ्यायचा, चित्रांच्या ढिगात नव्हे. संस्थापकांपैकी जेनिफर नॉयमान यांनी पुढे दीर्घकाळ कंपनीचे नेतृत्व केले. कंपनीने अमेरिकेतही बस्तान बसविले आणि काळाच्या ओघात संगणकावर बसवायचे सॉफ्टवेअर विकण्याऐवजी इंटरनेटवरून भाड्याने सेवा देण्याकडे ती वळली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात १९४८ साली ‘वाइडन’ ही कंपनी सुरू झाली ती छपाईचे कोरीव ठसे, म्हणजे आपल्याकडचे छापखानेवाले ज्यांना ‘ब्लॉक’ म्हणत, ते तयार करण्यासाठी. ग्राहकांचे ब्लॉक सांभाळणे, मागितले की काढून देणे आणि कोणता ब्लॉक कोणत्या जाहिरातीचा याची नोंद ठेवणे ही ब्लॉकमेकरची नित्याची कामे होती. पुढे ब्लॉक गेले, त्यांच्या जागी फिल्म आली. फिल्म गेली, फाईल आली. कंपनीने जुनेच काम नव्या माध्यमात चालू ठेवले आणि ती सॉफ्टवेअर कंपनी झाली. २०२१मध्ये ‘ॲक्विया’ या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. जस्ताचे ब्लॉक करणारी माणसे कधीकाळी महाराष्ट्रात आणि सीमाभागातही होती. ऑफसेट आल्यावर बहुतेकांनी दुकाने बंद केली. ग्राहकाचा माल सांभाळणे हेच आपल्या धंद्याचे मर्म आहे, हे मॅडिसनच्या कंपनीने वेळीच ओळखले.

या क्षेत्रातील वाढीचा पुढचा टप्पा खरेदी-विक्रीचा आहे. ‘अडोबी’ने २०१० साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील ‘डे सॉफ्टवेअर’ ही कंपनी सुमारे २४ कोटी डॉलर देऊन घेतली. तिच्याच पायावर त्यांचे आजचे मोठ्या उद्योगांसाठीचे उत्पादन उभे आहे. ‘शटरस्टॉक’ने २०१४ साली घेतलेली ‘वेबडॅम’ कंपनी २०१८मध्ये ॲमस्टरडॅमच्या ‘बाइंडर’ने सुमारे ४.९ कोटी डॉलरना विकत घेतली. वाढीचे कारण उघड आहे. पूर्वी एका उत्पादनाचे एक छायाचित्र पुरत असे. आता तेच उत्पादन संकेतस्थळावर, मोबाइलवर, वेगवेगळ्या समाजमाध्यमांवर आणि डझनभर ऑनलाइन दुकानांत वेगवेगळ्या आकारांत दाखवावे लागते. त्यात जुने वेष्टन दिसले किंवा छायाचित्राचा परवाना संपलेला असला, तर नुकसान थेट पैशाचे होते.

या व्यवसायाची एक बाजू मात्र जाहिरातीत सांगितली जात नाही. भाड्याने घेतलेल्या सेवेत फायली परत मिळतात, परंतु त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे भरलेली माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला समजेल अशा स्वरूपात मिळेलच असे नाही. कंपनी विकली गेली, दर वाढले, उत्पादन बंद झाले, तर ग्राहकाला पुन्हा पहिल्यापासून नोंदी कराव्या लागण्याची शक्यता असते. बिस्किटे विकणाऱ्या कंपनीला पाच वर्षांपूर्वीची जाहिरात नको असते, त्यामुळे तिचे फारसे बिघडत नाही. संग्रहालय, वृत्तपत्र किंवा ग्रंथालय यांचे सर्वस्वच त्यात असते.

पुण्यातील ‘जतन’

ही अडचण लक्षात घेऊन वेगळ्या वाटेने झालेले काम पुण्यात आहे. ‘प्रगत संगणन विकास केंद्र’, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले सी-डॅक, १९८८ साली पुण्यात स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर हे त्याचे संस्थापक संचालक. १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला आणि सी-डॅकचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. भारतीय भाषांच्या दृष्टीने मात्र त्याहून दूरगामी काम ‘जिस्ट’ या गटाचे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या या तंत्रज्ञानाने संगणकाच्या पडद्यावर देवनागरी, कन्नड, तमिळ आदी लिप्या एकाच कळफलकाने उमटविल्या, आणि १९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांसाठीची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. कन्नड आणि मराठी मजकूर एकाच पद्धतीने साठवण्याची ही सोय सीमाभागाला किती उपयोगाची होती, हे आज मागे वळून पाहताना जाणवते.

सी-डॅकच्या पुणे येथील मानवकेंद्री संगणन-आरेखन गटाने डॉ. दिनेश कात्रे यांच्या नेतृत्वाखाली ‘जतन’ नावाचे सॉफ्टवेअर विकसित केले. नावातच हेतू आहे. संग्रहालयातील प्रत्येक वस्तूची नोंदणी-क्रमांकासह माहिती, तिची उच्च दर्जाची छायाचित्रे, माध्यम, मापे, काळ, प्राप्तीचा तपशील हे सर्व एका ठिकाणी ठेवायचे आणि त्यातील प्रकाशित करण्याजोगा भाग इंटरनेटवर खुला करायचा, असे त्याचे स्वरूप. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने राष्ट्रीय पातळीवरील संग्रहालयांसाठी हेच सॉफ्टवेअर स्वीकारले. त्यामुळे दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियल, हैदराबादचे सालारजंग, अलाहाबाद संग्रहालय, दिल्ली, मुंबई व बेंगळुरू येथील राष्ट्रीय आधुनिक कला दालने अशा संस्थांच्या नोंदी एका साच्यात आल्या आणि ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर त्या एकत्र पाहता येऊ लागल्या. पहिल्या दहा संग्रहालयांच्या या यादीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची दोन संग्रहालये होती. एक आंध्र प्रदेशातील नागार्जुनकोंडा येथील आणि दुसरे आपल्या जुन्या गोव्यातील, असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या मठाच्या वास्तूत असलेले. पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तैलचित्रांची तेथील रांग पाहायला आता जुन्या गोव्यापर्यंत जावेच लागते असे नाही.

‘जतन’ ही नोंदवहीची व्यवस्था झाली. पण नोंद केलेली फाईल तीस-चाळीस वर्षांनी उघडेल का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी २०११ साली सी-डॅक, पुणे येथे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय डिजिटल परिरक्षण कार्यक्रमांतर्गत एक उत्कृष्टता केंद्र सुरू झाले. या केंद्राने ‘डिजिटालय’ ही अभिलेखागार-प्रणाली आणि तिच्या जोडीला ‘ई-रूपांतर’, ‘सूची समेकन’, ‘मेटा-परिवर्तन’ अशी उपसाधने तयार केली. प्रणालीचा पाया ‘आयएसओ १४७२१’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे. हे मानक मुळात अंतराळ संस्थांनी घडविले, कारण उपग्रहांकडून आलेली माहिती दहा-पंधरा वर्षांत कोणत्याच यंत्रावर वाचता येईनाशी होते, हा अनुभव त्यांना सर्वांत आधी आला.

या कामाची कसोटी २०१७मध्ये लागली. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील ‘राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागार’ हा प्रकल्प ‘डिजिटालय’वर चालतो. अभिलेखागार विश्वासार्ह आहे की नाही हे तपासणारे ‘आयएसओ १६३६३’ हे मानक आहे. ब्रिटनमधील अधिकृत संस्थेने त्यानुसार तपासणी केली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्रमाणपत्र दिले. या मानकाखाली असे प्रमाणपत्र मिळविणारे ते जगातील पहिले अभिलेखागार ठरले. पुण्यात घडलेल्या सॉफ्टवेअरची ही कामगिरी मराठी वृत्तपत्रांतून मात्र फारशी गाजली नाही. महासंगणकाइतकी ती दिसायला भव्य नाही, हे कारण असावे.

सी-डॅक ही नफ्यासाठी चालणारी कंपनी नाही, त्यामुळे तिच्या ‘वाढी’चे मोजमाप महसुलात करता येत नाही. तिची वाढ प्रकल्पांतून, म्हणजे मंत्रालयांच्या निर्णयांतून होते. याचा फायदा असा की मानके खुली राहतात, कोणी कंपनी विकत घेऊन उत्पादन बंद करण्याची धास्ती नसते. तोटाही त्यातच आहे. दिल्लीच्या यादीत ज्यांचे नाव नाही अशा तालुक्याच्या गावच्या ग्रंथालयापर्यंत किंवा खासगी संग्राहकापर्यंत ही साधने आपोआप पोहोचत नाहीत. बर्लिनची कंपनी पैसे असलेल्याकडे जाते, पुण्याची संस्था आदेश असलेल्याकडे. निपाणीसारख्या गावाजवळ सहसा दोन्ही नसते.

सीमाभागात काय आहे, कोठे आहे

बेळगाव-निपाणी पट्ट्यात जपण्याजोगे काय आहे, याची यादी लांब होईल. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात. १९१९मध्ये बाबूराव ठाकूर यांनी सुरू केलेला ‘तरुण भारत’ शतक ओलांडून पुढे आला आहे. १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीच्या परिषदेस उपस्थित होते. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी ठामपणे पुढे आली, आणि २००० साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात पुन्हा संमेलन भरले. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१मध्ये महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. याखेरीज वखारींची खतावणी, विडी कामगार स्त्रियांच्या संघटनेचे कागद, सहकारी संस्थांची इतिवृत्ते, नाटकांची हस्तपत्रके, तालमींची छायाचित्रे आहेतच.

हे सर्व विखुरलेले आहे. पेशवाईतील मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, करवीर संस्थानचे कोल्हापूरच्या पुरालेखागारात, मुंबई इलाख्याचे मुंबईत, १९५६ नंतरचे बेंगळुरूकडे, आणि उरलेले लोकांच्या घरांत. गोव्याच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. १५९५ सालापासूनची परंपरा सांगणारे पणजीचे पुराभिलेखागार असूनही गोव्याच्या इतिहासाचा मोठा भाग लिस्बनमध्ये शोधावा लागतो. फरक इतकाच की पणजीत निदान एक घर आहे, निपाणीच्या कागदांना स्वतःचे घरच नाही.

नोंद करायला बसले की पहिली अडचण स्थळाची येते. निपाणीचे १९२०मधले छायाचित्र घ्या. इलाखा मुंबई, जिल्हा बेळगाव, तालुका चिकोडी. १९५०च्या छायाचित्रात तेच गाव मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्यात. १ नोव्हेंबर १९७३पासून कर्नाटकात, आणि अलीकडे निपाणी हाच स्वतंत्र तालुका झाल्यामुळे चिकोडीही गेले. एकाच रस्त्यावरच्या चार छायाचित्रांचे चार पत्ते. कन्नड नोंदीत तर गावाचे नावच ‘निप्पाणी’. यावर या शास्त्राने काढलेला उपाय असा, की गावाला नाव म्हणून न नोंदता एक स्थिर क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाखाली सर्व काळांतील, सर्व भाषांतील, सर्व लिप्यांतील नावे ठेवायची. अमेरिकेतील गेटी संस्थेचा भौगोलिक नावांचा कोश याच तत्त्वावर चालतो. कोणत्याही नावाने शोधा, छायाचित्र एकच निघते. कोणते नाव ‘खरे’ याचा निवाडा सॉफ्टवेअर करीत नाही. सीमाभागात ही तटस्थता उपकारक आहे.

दुसरी अडचण लिपीची, आणि ती मराठी वृत्तपत्रांच्या अंगाशी आलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, परंतु वृत्तपत्रांची पाने त्यानंतरही कित्येक वर्षे पुण्याच्या ‘श्रीलिपी’सारख्या सॉफ्टवेअरमधील जुन्या फाँटांत लागत राहिली. त्या पानांची पीडीएफ फाईल डोळ्यांना निर्दोष दिसते. तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला बाहेर पडतो, कारण त्या फाँटांत अक्षरांना नव्हे, अक्षरांच्या तुकड्यांना क्रमांक दिलेले असत. म्हणजे १९९८चा अंक संगणकात असूनही शोधता येत नाही. त्याच्या आधीचा, खिळ्यांनी जुळविलेला अंक स्कॅन करून अक्षरओळख सॉफ्टवेअरमधून काढला तर तो अधिक सहज शोधता येतो. जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण प्रत्येक फाँटाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा तक्ता लागतो आणि जोडाक्षरे तपासायला माणूस लागतो.

युनिकोड आल्यावरही सगळे सुरळीत झालेले नाही. ‘ॲसेट’ या शब्दातला ‘ॲ’ पूर्वी अ, अर्धचंद्र आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह अशा खटपटीने उमटवावा लागे. त्याला स्वतःचा संकेतांक २००८ साली मिळाला. परिणामी ‘ॲड.’ ही उपाधी लावलेल्या वकिलांची नावे आजही दोन प्रकारे साठवलेली सापडतात आणि एका प्रकारे शोधले तर दुसरी निघत नाहीत. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१४मध्ये. मोडी कागदाची नोंद करताना मूळ प्रतिमा, मोडीतील मजकूर आणि देवनागरी लिप्यंतर या तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडून ठेवणे त्यामुळे आता शक्य झाले आहे. मोडी वाचणारी माणसे मात्र वाढलेली नाहीत.

पूर, पेनड्राईव्ह आणि न्यायालय

ही सर्व यातायात कशासाठी, याची उत्तरे सीमाभागात दूर शोधावी लागत नाहीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांना महापूर आले. निपाणीजवळ यमगर्णी येथे पाणी येऊन पुणे-बेंगळुरू महामार्ग ठप्प झाला. नदीकाठच्या घरांत आणि कार्यालयांत जे कागद भिजले त्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती. या क्षेत्रातला सर्वांत सोपा नियम याच प्रसंगासाठी आहे : प्रती तीन, साठवणीची माध्यमे दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. निपाणीच्या संस्थेने आपली एक प्रत बेळगावात आणि दुसरी पणजीत किंवा पुण्यात ठेवली तरी नियम पाळला जातो.

पुरापेक्षा संथ, पण अधिक व्यापक नाश डिजिटल माध्यमाचाच होतो आहे. १९२४च्या अधिवेशनाची छायाचित्रे कागदावर असल्याने शंभर वर्षे टिकली. २००४च्या सुमारास सीडीवर साठवलेली लग्नांची, मोर्चांची, संमेलनांची छायाचित्रे अनेक ठिकाणी आताच वाचता येत नाहीत. ज्यांनी ती पेनड्राईव्हवर हलविली त्यांची अवस्था फार वेगळी नाही. म्हणून अभिलेखागाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेकसम’ नावाची तरतूद असते. फाईल दाखल करतानाच गणिताने तिची एक खूण काढून ठेवतात. ठरावीक काळाने तीच खूण पुन्हा काढायची. एक बिंदू जरी बदलला असेल तरी खूण जुळत नाही आणि दुसऱ्या प्रतीवरून फाईल दुरुस्त करता येते.

हीच खूण न्यायालयातही उपयोगी पडते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते त्यात फाईलची अशी खूण, म्हणजे ‘हॅश’ मूल्य, नमूद करण्याची तरतूद आहे. १९६७च्या महाजन आयोगाच्या अहवालानंतर न मिटलेला सीमाप्रश्न २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे. त्या दाव्याचा निकाल ज्या कागदांवर लागायचा ते कागद दोन्ही राज्यांकडे आहेत. परंतु ग्रामपंचायतीचे मराठी इतिवृत्त, शाळेचा पट, देवस्थानची वही, दुकानाच्या पाटीचे छायाचित्र यांसारख्या साध्या गोष्टी, म्हणजे गावाचा व्यवहार कोणत्या भाषेत चालत असे हे दाखविणारे साहित्य, बव्हंशी खासगी हाती आहे. ते स्कॅन करून व्हॉट्सॲपवर फिरविले की आकार लहान होतो, तारीख पुसली जाते, आणि पुढे ते कोठून आले हे सांगता येत नाही. दावा कोणत्याही बाजूचा असो, उगम सांगता न येणाऱ्या फाईलला वजन नसते.

पैसा आणि मनुष्यबळ

मोठ्या कंपन्यांच्या सेवांचे वार्षिक दर एखाद्या वाचनालयाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. पण मोफत पर्याय आहेत, आणि ते कच्चे नाहीत. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि एचपी कंपनी यांनी २००२ साली आणलेले ‘डीस्पेस’ हे खुले सॉफ्टवेअर जगभरची विद्यापीठे वापरतात. भारतातील प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार त्याच्यावरच उभे आहे. छायाचित्रांसाठी अधिक सोयीचे ‘रिसोर्सस्पेस’ हे ब्रिटनमध्ये ‘ऑक्सफॅम’ या सेवाभावी संस्थेच्या गरजेतून तयार झाले आणि २००६पासून सर्वांसाठी मोफत आहे. साधा संगणक, दोन-तीन हार्ड डिस्क आणि चांगला स्कॅनर एवढ्यावर सुरुवात होते.

खरा खर्च नोंदी करणाऱ्यांचा. १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन गावच्या बैठकीतून निघालेल्या ‘डब्लिन कोअर’ या पद्धतीत अवघे १५ रकाने आहेत : शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क वगैरे. वृत्तछायाचित्रांसाठी वृत्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आखलेले वेगळे रकाने आहेत आणि ते प्रत्यक्ष फाईलच्या पोटातच भरता येतात. १५ रकाने थोडे वाटतात. दहा हजार छायाचित्रांसाठी ते दीड लाख होतात. बेळगाव हे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे गाव आहे. दरवर्षी येथून बाहेर पडणारे अभियंते पुणे-बेंगळुरूच्या गाड्या धरतात. शहरातील ओतकाम कारखाने, हायड्रॉलिक्सचे उद्योग आणि हत्तरगीजवळचे विमानाच्या सुट्या भागांचे कारखाने यांनाही आराखड्यांच्या शेकडो आवृत्त्या नीट ठेवण्याची गरज रोजची आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत सहज वावरणारे तरुण येथे जितके मिळतील तितके मॅडिसनमध्ये किंवा बर्लिनमध्ये मिळणार नाहीत. त्रिभाषिक नोंदीचा व्यवसाय बेळगावात उभा राहू शकेल असे मानायला यामुळे जागा आहे.

हक्कांचा प्रश्नही आधीच सोडवावा लागतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारतात छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. गावातल्या जुन्या स्टुडिओच्या काचपट्ट्या आणि निगेटिव्ह वारसांकडून घेताना ‘स्कॅन करण्यास हरकत नाही’ एवढे तोंडी बोलणे पुरत नाही; कोणत्या वापरास परवानगी आहे हे लेखी घेऊन ‘हक्क’ या रकान्यात भरावे लागते. तो रकाना रिकामा असला तर पुढच्या पिढीला छायाचित्र दिसेल, पण छापता येणार नाही.

आणि एक रकाना असा आहे की तो कोणतेही सॉफ्टवेअर भरू शकत नाही : छायाचित्रातील व्यक्ती. चेहरा ओळखणारी यंत्रणा प्रसिद्ध माणसांची नावे सांगते. १९८१मध्ये निपाणीच्या रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्याचे किंवा वखारीत विड्या वळणाऱ्या बाईचे नाव ती सांगत नाही. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत ते आता वयाच्या सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यापुढे छायाचित्र ठेवून ते जे सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे लागते. मुद्रणाची ती फाईल मूळ छायाचित्राच्या नोंदीला जोडून ठेवण्याची सोय ‘रिसोर्सस्पेस’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही आहे.